सेरेब्रल पाल्सी की चयापचयाचा आनुवंशिक आजार?

ताठ हातपाय, न धरलेली मान आणि उशिरा फुटणारे बोल पाहून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या मुलाच्या फाइलवर ‘सेरेब्रल पाल्सी’ असे लिहिले जाते, तेव्हा ते बहुधा बरोबरही असते. परंतु हेच रूप घेऊन येणारे चयापचयाचे काही आनुवंशिक आजार औषधाने किंवा आहाराने आवरता येतात, म्हणून हा फरक वेळेत ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला एकदा झालेली इजा पुढे पसरत नाही. मूल सावकाश शिकते, पण शिकलेले सहसा गमावत नाही. चयापचयाच्या आजारात एखादे विकर (एन्झाइम) कमी पडल्याने घातक द्रव्य साचते किंवा मेंदूला हवे ते मिळत नाही, आणि बसू लागलेले मूल बसेनासे होते. म्हणूनच ‘काय येत होते आणि गेले?’ हे आईला आधी विचारावे. प्रसूती सुरळीत झालेली असणे, आईवडिलांचे नात्यात लग्न किंवा आधीचे भावंड दगावलेले असणे, यांनी संशय बळावतो.

सर्वाधिक फसगत ग्लुटारिक ॲसिडुरिया प्रकार १ या, प्रथिनांतले लायसिन नीट न मोडण्याच्या आजारात होते. मोठ्या डोक्याचे, एरवी ठीक वाढणारे बाळ बहुधा ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान ताप किंवा जुलाबात एकाएकी लुळे पडते आणि पुढे त्याचे अंग पिळवटू लागते. त्यानंतर अवस्था बरीचशी स्थिर राहत असल्याने दोन वर्षांनी पाहणाऱ्याला ती सेरेब्रल पाल्सीच वाटते. तापात लंघन घडवण्याची रीत अशा बाळाला घातक ठरते, कारण उपाशी शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते. निदान आधीच झाले तर लायसिन मोजून दिलेला आहार, कार्निटिन हे पूरक औषध आणि आजारपणात तातडीचे ग्लुकोज यांनी ही इजा बहुतांशी टळते.

संध्याकाळी पाय वाकडे पडणारे, पण झोपेनंतर सकाळी बरे चालणारे मूल लेव्होडोपा या औषधाच्या लहान मात्रेने विलक्षण सुधारू शकते. शाळकरी मुलाचे अक्षर आणि बोलणे बिघडत चालले असेल, विशेषतः पूर्वी कावीळ झाली असेल, तर विल्सनचा आजार (शरीरात तांबे साचण्याचा आनुवंशिक विकार) तपासावा.

अशा आजारांच्या संशयात रक्तातला अमोनियाही पाहतात; त्याचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, म्हणून तो जिथे चाचणी होते तिथेच घ्यावा. गाळणकागदावर वाळवलेले रक्ताचे थेंब मात्र दापोलीहून किंवा कुडाळहूनही मुंबईला पाठवता येतात. झटके, केसगळती आणि अंगावर पुरळ एकत्र दिसल्यास बायोटिनिडेज या विकराच्या तपासणीसाठी रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता, डॉक्टरांनी बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू करावे; उशीर झाल्यास गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.