पडदा व्यापणारे फसवे इशारे: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

संगणकावर काम चालू असताना अचानक संपूर्ण पडदा व्यापणारे निळे किंवा लाल पान उघडते, भोंगा वाजू लागतो आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर त्वरित फोन करा’ असे बजावले जाते. बेळगाव शहरातील, तसेच खानापूर, निपाणी व चिकोडी भागांतील ग्राहक अशा वेळी घाबरून मशीन थेट दुकानात आणतात आणि ‘फॉरमॅट मारून द्या’, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने घालून द्या, असे सांगतात. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरज नसते, आणि गरज नसताना तो केल्याने दुकानदाराखेरीज कोणाचाही फायदा होत नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

असे पान हे इतर कोणत्याही संकेतस्थळाच्या पानासारखेच असते. ब्राउझर (क्रोमसारखा, संकेतस्थळे उघडणारा प्रोग्राम) कोणत्याही पानाला परस्पर आपली हार्ड डिस्क तपासू देत नाही. त्यामुळे त्यावर भराभर सरकणारी ‘स्कॅनिंग’ची पट्टी आणि ‘सापडलेल्या’ व्हायरसांची यादी हा आधीच तयार करून ठेवलेला देखावा असतो. काही पाने आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) व गाव छापून धाक दाखवतात, परंतु आयपी पत्ता आपण उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला कळतच असतो आणि त्यावरून काढलेले गाव पुष्कळदा चुकते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक कधीही नसतो, असे विंडोज बनवणाऱ्या या कंपनीने स्पष्ट केले आहे. इशाऱ्यात फोन क्रमांक दिसला की पान बनावट समजावे.

खरा धोका तो क्रमांक लावल्यावर सुरू होतो. पलीकडची व्यक्ती ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला लावते (दुरून संगणक हाताळू देणारी ही साधने स्वतः वाईट नाहीत, दुरुस्तीच्या कामात ती सर्रास वापरली जातात), मग विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (संगणकातील घडामोडींची नोंदवही) उघडून त्यातील लाल खुणांच्या नोंदी दाखवते आणि संगणक पोखरला गेल्याचे पटवते. तशा नोंदी कालच खोक्यातून काढलेल्या नव्या संगणकातही सापडतात. त्यानंतर ‘दुरुस्ती’चे पैसे मागितले जातात किंवा बँकेचे खाते उघडायला लावले जाते.

पान बंद करण्यासाठी त्यावरील कोणतेही बटण, अगदी ‘रद्द करा’ किंवा फुलीचे चित्रसुद्धा, दाबू नये. एस्केप कळ काही क्षण दाबून धरल्यास पूर्ण पडद्यावरचे पान सहसा लहान होते व टॅब बंद करता येतो. तसे न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझरचे नाव निवडावे आणि ‘एंड टास्क’ करावे. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुनी पाने परत आणण्याविषयी विचारणा झाली, तर ती नाकारावी. ब्राउझर न विचारताच जुनी पाने उघडत असेल, तर आधी वायफाय बंद करावे आणि मग तो टॅब काढून टाकावा.

एवढे करूनही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’, ‘वर्गणी संपली’ अशा चौकटी दिवसभर येतच राहिल्या, तर कारण वेगळे असते आणि आमच्या अनुभवात हेच कारण सर्वाधिक आढळते. जमिनीचा उतारा, हेस्कॉमचे बिल किंवा दहावीचा निकाल शोधताना एखाद्या भलत्याच संकेतस्थळावर जाणे होते, तेथे ‘आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहिलेले असते आणि आपण ते दाबतो. प्रत्यक्षात त्या एका दाबण्याने आपण त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन, म्हणजे कोपऱ्यातील या सूचनेच्या चौकटी, पाठवण्याची परवानगी दिलेली असते. चौकटीवर बारीक अक्षरांत ब्राउझरचे आणि त्या संकेतस्थळाचे नाव असते, ते आधी टिपून ठेवावे. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘नोटिफिकेशन्स’ असे गेल्यास परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी नावापुढील तीन टिंबांवर जाऊन ‘ब्लॉक’ निवडावे. ‘रिमूव्ह’ केल्यास नोंद पुसली जाते, पण ते संकेतस्थळ पुन्हा विचारू शकते. आमच्या मते घरगुती वापरात कोणत्याच संकेतस्थळाला ही परवानगी देण्याचे कारण नाही, म्हणून त्याच पानावरून ती विचारणाच कायमची बंद ठेवावी. उताऱ्यासारख्या सरकारी कामांसाठी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ आहे का, हे पाहावे.

शोधयंत्र आपोआप बदलले असेल किंवा प्रत्येक नव्या टॅबमध्ये जाहिराती येत असतील, तर एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) यादी तपासून अनोळखी एक्स्टेन्शन काढावे. तरीही फरक न पडल्यास ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरावे. त्याने बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत. मात्र एक्स्टेन्शन बंद पडतात आणि बहुतेक संकेतस्थळांवर पुन्हा लॉगइन करावे लागते.

मोबाईलवर नोटिफिकेशनची यादी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’खाली मिळते. फोनची भाषा कन्नड किंवा मराठी ठेवलेली असल्यास नावे बदलतात, क्रम साधारण तोच राहतो. ब्राउझर उघडलेला नसतानाही पूर्ण पडद्यावर जाहिरात येत असेल, तर ती बहुधा नव्याने घेतलेल्या एखाद्या ॲपची असते. ते ॲप काढून टाकावे.

फोन लावून संगणकाचा ताबा दिला गेला असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलावेत आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वीच ती गोठवणे शक्य असते. क्रमांक देशभर एकच आहे, त्यामुळे कोल्हापूरकडील ग्राहकांनाही तोच लागू पडतो. बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थविषयक गुन्हे) पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. या एका परिस्थितीत मात्र संगणक आमच्याकडे अवश्य आणावा, आणि त्यातील काहीही पुसून टाकू नये, कारण तक्रारीसाठी त्या नोंदी लागू शकतात. येताना चार्जर आणावा. बँकेचे पासवर्ड आम्हाला सांगू नयेत, आम्ही ते मागतही नाही.