धाप एक सांगते, रक्त दुसरंच

चढावर छाती भरून आली की आपण सहज म्हणून जातो, 'ऑक्सिजन कमी पडला.' समुद्रसपाटीच्या आसपास बहुतेक वेळा ते खरं नसतं. निरोगी माणूस कितीही जोरात धावत असला तरी त्याच्या रक्तात सहसा ऑक्सिजन जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो. त्याला धाप लागते ती मुख्यतः स्नायूंनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची घाई असते म्हणून. उलट खूप उंचावर रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेला असतो, आणि माणूस मात्र तंबूत निवांत बसून गप्पा मारत असतो. मराठीत 'दम' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. दम लागला म्हणजे धाप लागली, आणि ज्याच्यात दम आहे तो टिकतो. पण शरीरात या दोन गोष्टींचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेले असतात. ते कळायला माणसाला तीनशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्यासाठी काहींचे प्राणही गेले.

स्पॅनिश धर्मगुरू होसे दे अकोस्ता पेरूमधल्या पारियाकाकाची उंच खिंड ओलांडत होता तेव्हा त्याला इतक्या उलट्या झाल्या की आता जीव जातो असं वाटलं. १५९० साली छापलेल्या ग्रंथात त्याने कारणही दिलं: तिथली हवा इतकी विरळ की ती माणसाच्या श्वासाला मानवत नाही. तेव्हा हवेला वजन असतं हेसुद्धा सिद्ध झालेलं नव्हतं. ते सिद्ध झालं १६४८ मध्ये. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर चढला. पायथ्याच्या मठात दुसरी नळी ठेवून एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. खालचा पारा जागचा हलला नाही. माथ्यावरचा मात्र सुमारे साडेआठ सेंटिमीटरने उतरला, कारण वर हवेचा भार कमी.

ऑक्सिजनची ओळख पटायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने या वायूला नाव दिलं आणि १७८९-९० च्या सुमारास सहकारी सेगँ याच्या तोंडावर मुखवटा बसवून त्याला पायाने वजन उचलायला लावलं. काम वाढलं तसा ऑक्सिजनचा खपही वाढला. श्रम आणि श्वास यांचं नातं असं पहिल्यांदा आकड्यांत मांडलं गेलं.

पण उंचावर नेमकं काय कमी पडतं? हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तर शिखरावरही तेच, सुमारे २१ टक्के. याचं उत्तर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने दिलं. हवाबंद टाकीत बसून तो आतला दाब उतरवत न्यायचा. मळमळ, जडपणा, डोळ्यांपुढे अंधारी असं सगळं सुरू झालं की पिशवीतून ऑक्सिजन घ्यायचा, आणि लक्षणं निघून जायची. टक्केवारी तीच राहिली तरी दाब घटला की फुप्फुसातून रक्तात शिरायला ऑक्सिजनला पुरेसा जोर उरत नाही, हे त्याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं.

त्याआधी तीन वर्षांपूर्वी जे घडलं, ते माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं केंद्र आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि गास्ताँ तिसांदिए हे तिघे पॅरिसहून वर निघाले. बरोबर ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या होत्या. हा साठा पुरणार नाही असं पत्र बेरने लिहिलं होतं, पण ते वेळेवर पोचलं नाही. साठा थोडा म्हणून तिघांनी ठरवलं, अगदी गरज वाटेल तेव्हाच घ्यायचा. घात इथेच झाला, कारण गरज वाटलीच नाही. तिसांदिएने नंतर लिहून ठेवलं आहे की त्या अवस्थेत त्रास होत नाही, उलट आत एक आनंद दाटून येतो, धोक्याचा विचारही शिवत नाही. ऑक्सिजनची नळी त्याच्या समोर होती. ती धरायची असं त्याच्या मनात आलं, पण हात उचलला गेला नाही. आपण ८,००० मीटरवर आहोत असं ओरडायचं होतं, तर जीभ हलेना. मग तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा दोघे सोबती मेलेले होते. दाबमापकावरून नंतर काढलेली उंची भरली सुमारे ८,६०० मीटर.

धापेने त्यांना सावध का केलं नाही? उत्तर आलं १९०५ मध्ये. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन गिलीज प्रीस्टली यांनी दाखवून दिलं की श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात आहे. फुप्फुसात तो किंचित वाढला तरी श्वास झपाट्याने वाढतो. ऑक्सिजनची खबर ठेवणारी यंत्रणा मानेतल्या धमन्यांजवळ असते. या यंत्रणेवरच्या कामासाठी कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ती जोरात ओरडायला लागते ती रक्तातला ऑक्सिजन बराच उतरल्यावर. शिवाय उंचावर माणूस जास्त श्वास घेतो तसा त्याचा कार्बन डायऑक्साइडही कमी होत जातो, आणि गुदमरल्याची जाणीव आणखी बोथट होते.

हेच गणित पाण्यात फार वाईट रीतीने उलटतं. लहानपणी पोहायला शिकताना आम्हाला एक युक्ती सांगितली जायची: सूर मारण्याआधी दहा-बारा जोरजोरात श्वास घ्या, मग तळाशी जास्त वेळ राहता येतं. खरंच राहता यायचं, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. अशा श्वासांनी रक्तातला ऑक्सिजन जेमतेम वाढतो, कारण तो आधीच भरलेला असतो. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवायची आणि मग बुडी मारायची. वर यावंसं वाटण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पोहणारा निमूटपणे शुद्ध हरपतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये अशा घटनांचा अभ्यास मांडला. तरीही ही युक्ती अजून शिकवली जाते.

धावण्याच्या बाजूला मोठं काम ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांचं. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं होतं आणि स्वतः धावायची आवड होती. पाठीवर मोठी पिशवी बांधून धावायचं, उच्छ्वास तिच्यात गोळा करायचा आणि नंतर मोजायचा. वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा खप वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आज धावपटूंच्या तोंडी असलेल्या 'व्हीओटू मॅक्स'चं, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं या मापाचं, मूळ हे. समुद्रसपाटीवर ही मर्यादा बहुतेकांच्या बाबतीत फुप्फुसं घालत नाहीत, हृदय किती रक्त ढकलू शकतं यावर ती ठरते. याला अपवाद निघाला तोही नवलाचा. १९८४ मध्ये जेरोम डेम्प्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही अत्यंत कसलेल्या धावपटूंचा रक्तातला ऑक्सिजन समुद्रसपाटीवरही जोराच्या श्रमात घसरतो. त्यांचं हृदय इतकं ताकदीचं झालेलं असतं की फुप्फुसं मागे पडतात.

गिर्यारोहणात वाद वेगळाच होता: बाटलीतला ऑक्सिजन वापरणं खिलाडूपणाचं आहे का? १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस तो वापरून ८,३०० मीटरच्या पुढे गेले. ऑक्सिजन न वापरणारे सोबती त्याच्या साधारण शंभर मीटर खाली थांबले होते. तरी शंका घेणारे होतेच. १९२४ मध्ये एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय ८,५७२ मीटरपर्यंत पोचला. न थांबता सलग वीस पावलं टाकायची एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती, आणि जमायची तेराच्या आसपास. त्याचा जोडीदार हॉवर्ड सोमरव्हेल याने मोजलं होतं, एका पावलाला सात ते दहा पूर्ण श्वास. उतरताना सोमरव्हेलचा घसाच बंद झाला. कोरड्या, गोठलेल्या हवेच्या माऱ्याने स्वरयंत्राचं अस्तर सुटून आत अडकलं होतं. तो मरणाची वाट पाहत बर्फात बसला, मग शेवटचा प्रयत्न म्हणून दोन्ही हातांनी छाती दाबली आणि अडथळा खोकून बाहेर काढला. कडाक्याच्या थंडीत तोंडावर पातळ कापड ठेवून श्वासाची ऊब आणि ओल का राखायची, हे मला याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही.

वादाला शास्त्राची जोड दिली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी. १९५२ मध्ये हिमालयातल्या चो ओयू शिखरावर मोजमापं घेऊन त्यांनी सांगितलं की याआधी पुरवला गेलेला ऑक्सिजन उपकरणाचं ओझं भरून काढण्यापुरताच होता. तो मिनिटाला चार लिटरपर्यंत वाढवा, आणि भरपूर पाणी प्या, कारण धापेबरोबर शरीरातलं पाणीही बाहेर जातं. पुढच्या वर्षी २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले. मेस्नर आणि हाबेलर हे गिर्यारोहक बाटलीशिवाय पोचले ते थेट १९७८ मध्ये.

मैदानी खेळांना हा धडा मेक्सिको सिटीने शिकवला. १९६८ चं ऑलिम्पिक २,२४० मीटरवर झालं. १०,००० मीटरच्या शर्यतीत लांब अंतराचे विश्वविक्रम नावावर असलेला रॉन क्लार्क सहावा आला आणि अंतिम रेषेपलीकडे कोसळला. त्याला तिथेच ऑक्सिजन द्यावा लागला. पहिला आला केनियाचा नफ्ताली तेमू, दुसरा इथियोपियाचा मामो वोल्डे. दोघेही उंच प्रदेशांतल्या देशांचे. त्यानंतर उंचावर सराव करायला रांग लागली. पण उंचावर तितक्या जोरात धावताच येत नाही, म्हणून पाय मंदावतात. तोडगा १९९७ मध्ये बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी मांडला: राहायचं २,५०० मीटरवर, धावायला उतरायचं १,२५० मीटरवर.

श्वासाच्या तालाबद्दल बरंच ठामपणे सांगितलं जातं. मला त्यातला एकच धागा भक्कम वाटतो. १९८३ मध्ये ब्रॅम्बल आणि कॅरियर या संशोधकांनी दाखवलं की चौखूर पळणाऱ्या प्राण्यांचा श्वास पावलांना बांधलेला असतो, उडीला एक. माणूस मात्र मोकळा आहे. दोन पावलांना एक श्वास हा त्याचा नेहमीचा ताल, पण तो चारास एक, तीनास एक किंवा पाचास दोन असाही जुळवू शकतो. म्हणजे सगळ्यांसाठी बरोबर असा एक ताल नाही. श्वासाचे स्नायूही फुकट राबत नाहीत. जोराच्या श्रमात ते पायांच्या वाट्याच्या रक्तातून आपला हिस्सा काढून घेतात, हे १९९७ मध्ये क्रेग हार्म्स आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. उथळ, भरभर श्वास महाग पडतो तो असा.

आज बोटाला चिमटा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा दिसतो. 'ऑक्सिमीटर' हे नाव दिलं ग्लेन मिलिकन यांनी, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांसाठी कानाला लावायचं यंत्र बनवताना. १९४७ मध्ये गिर्यारोहण करतानाच ते गेले. नाडीच्या ठोक्यावरून धमनीतलं रक्त वेगळं ओळखायची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. ५,००० मीटरवर ८० ते ८५ हा आकडा सरावलेल्या माणसातही दिसतो, आणि गारठलेलं बोट खोटा आकडा दाखवू शकतं. डोकेदुखी, अडखळती चाल, बसल्याजागी लागणारी धाप ही चिन्हं त्याच्याइतकीच बोलकी. भारतीय सैन्यातल्या डॉक्टरांनी उंच सीमेवर झपाट्याने चढवलेल्या १,९२५ जवानांचे आजार १९६९ मध्ये नोंदवले, तेव्हा जगाला कळलं की तरुण, धडधाकट असणं इथे कामाला येत नाही. किती सावकाश चढलात ते येतं. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून अधिक वर न्यायची नाही, हा आजचा नियम त्याच अनुभवातून घट्ट झाला.

२००७ मध्ये काही डॉक्टर एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर थांबले. मुखवटे काढून त्यांनी एकमेकांच्या मांडीच्या धमनीतून रक्त घेतलं, आणि शेर्पाने ते बर्फात ठेवून ६,४०० मीटरवरच्या प्रयोगशाळेत दोन तासांच्या आत पोचवलं. चौघांचा ऑक्सिजनचा दाब सरासरी पाऱ्याचे २४.६ मिलिमीटर निघाला, सपाटीवरच्या साधारण चौथा हिस्सा. चौघेही शुद्धीवर होते, सुई धरू शकत होते. 'झेनिथ'मधले तिघे जवळपास याच उंचीवर दोन तासांत पोचले होते. या डॉक्टरांनी वर यायला कित्येक आठवडे घेतले होते.