दोन टक्क्यांचा पैसा आणि कोळशाची धूळ

वणी-घुग्गुस रस्त्यालगत ज्यांची वावरं आहेत, त्यांना तोंडाला फडकं बांधायला कोरोनाने शिकवलं नाही. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. धूळ पराटीवर बसते, आणि व्यापारी ढिगातून चिमूटभर कापूस ओढून पाहतो, "काळा आहे" म्हणतो नि भाव पाडतो. २०२० च्या एप्रिलात याच रस्त्याने एका कंपनीची गाडी मास्कचे खोके आणि सॅनिटायझरच्या कॅन घेऊन आमच्या ग्रामपंचायतीसमोर थांबली. फलक धरून फोटो निघाले. मास्क कामाचे होते, हे आधीच सांगतो. पण त्याच आठवड्यांत रस्त्यावर पाणी मारणारा टँकर बंद झाला होता. वीज आणि कोळसा अत्यावश्यक सेवेत, म्हणून ट्रक सुरूच. टँकरला मात्र "लॉकडाऊन आहे" हे कारण पुरलं.

मदतीचा हात आणि धंद्याची रीत अशा वेगवेगळ्या खात्यांत कशा गेल्या? विदर्भात त्या नेहमीच वेगळ्या नव्हत्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली आणि १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. म्हणजे जबाबदारी गिरणीच्या आत होती. पुढे सेवाग्रामात राहणाऱ्या गांधीजींचा विश्वस्ताचा विचारही मालकाने संपत्ती कशी वापरावी याबद्दलचा होता. नफ्यातून किती दान द्यावं, एवढ्यापुरता नव्हता.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने हिशेब आकड्यात आणला. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं काही एक असलं की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. कायद्याच्या भाषेत ही कंपनीची सामाजिक जबाबदारी, इंग्रजीत सीएसआर. गावात याला सरळ 'सीएसआरचा पैसा' म्हणतात: आरोची टाकी, शाळेचे बाक, बसथांब्याचं छप्पर. कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कलमात आहे.

महामारीत या पैशाचे दरवाजे भराभर उघडले. २३ मार्च २०२० ला कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला, २८ मार्चला पीएम केअर्सची देणगीही. म्हणजे दिल्लीत एक धनादेश दिला तरी दोन टक्के भागत होते. परिसराचं प्राधान्य कागदावर राहिलं. खाणपट्ट्यासाठी २०१५ पासून असलेल्या जिल्हा खनिज निधीतून शिल्लक रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंत कोविडसाठी वापरायची मुभाही त्याच मार्चमध्ये मिळाली. दुसऱ्या लाटेत, म्हणजे अमरावतीत फेब्रुवारी २०२१ मध्येच पुन्हा टाळेबंदी लागल्यानंतर, तात्पुरती कोविड केंद्रं आणि ऑक्सिजन संयंत्रंही सीएसआरच्या यादीत आली. हा पैसा खरोखर उपयोगी पडला.

एक खुलासा मात्र मला सगळ्यात बोलका वाटतो. १० एप्रिल २०२० ला कंपनी मंत्रालयाने सांगितलं, की टाळेबंदीतली मजुरी देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, ते सीएसआर नव्हे. मजुरीच्या वर हंगामी आणि रोजंदारीच्या मजुरांना काही सानुग्रह रक्कम दिली, तर तेवढीच धरू. चोख बोलणं. धुळीच्या, राखेच्या बाबतीत इतकं चोख कुणी बोललं नाही.

उलट तिथे मुदती सरकत गेल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये प्रदूषणाच्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित ठरवलं होतं. औष्णिक केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड आवरावा, हा नियम डिसेंबर २०१५ चा. त्याची मुदत आधी २०१७, मग २०२२, आणि १ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट चढत असताना, आणखी पुढे. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक केंद्रांना हा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. जून २०२० मध्ये व्यावसायिक कोळसा खाणींचा जो लिलाव पुकारला, त्याच्या यादीत ताडोब्याजवळचा 'बंदर' नावाचा कोळसापट्टा होता. ओरड झाली म्हणून तो वगळला.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १० मे २०२१ ला नवा अहवाल-नमुना आणला. बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांनी हवेत काय सोडलं, पाणी किती वापरलं, हे त्यात लिहायचं. २०२२-२३ पासून ते सक्तीचं झालं. धंद्याची रीत विचारणारा कागद अखेर आला म्हणायचा. पण चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र चालवणारी महानिर्मिती शेअर बाजारात नाही. इथल्या कोळसा खाणी चालवणारी वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, हीही स्वतः नाही, तिची मालक कोल इंडिया आहे. आणि ट्रक तर कंत्राटदाराचे.

आमच्या रस्त्यावरचा टँकर त्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा दिसू लागला. सकाळी एक फेरी मारतो. ऊन चढलं की अकरापर्यंत रस्ता कोरडा.