‘नो-कॅशे’ या शब्दाची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत मोबाईलला धड नेटवर्क मिळते ते पाण्याच्या टाकीजवळ. सकाळी तिथे पाहिलेला भाव दुपारी शेतात गाडी भरताना पुन्हा पाहावा, तर बाजारभावाचे ॲप चूक दाखवून मोकळे होते. सकाळचा आकडा मात्र त्याच फोनमध्ये साठवलेला असू शकतो. असे का होते, हे समजण्यासाठी ओके-एचटीटीपी या मुक्त-स्रोत लायब्ररीचे, म्हणजे ॲपसाठी सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या तयार कोडचे, वागणे पाहावे लागते.

ही लायब्ररी २०१३ मध्ये खुली झाली आणि त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ४.४ ने आपल्या अंगभूत एचटीटीपी (वेबवर माहितीची देवाणघेवाण करण्याची पद्धत) जोडणीसाठी आतून तीच वापरली. विकसकाने जागा आणि आकार नेमून दिल्याशिवाय ती काहीही साठवत नाही. नेमून दिल्यावर मात्र ती सर्व्हरच्या ‘कॅशे-कंट्रोल’ शीर्षकातील, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या साठवणीच्या सूचनेतील, शब्द काटेकोरपणे पाळते, आणि खरी अडचण त्यातल्या ‘नो-कॅशे’ या शब्दाची आहे.

जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकात उत्तरावरील ‘नो-कॅशे’चा अर्थ ‘हे कुठेही साठवू नये’ असाच लिहिलेला होता. १९९९ च्या सुधारित मानकाने तो बदलला: साठवायला हरकत नाही, पण सर्व्हरला विचारून खात्री केल्याशिवाय वापरायचे नाही. साठवणच नको असेल तर ‘नो-स्टोअर’ हा वेगळा शब्द दोन्ही मानकांत होता. २०१४ आणि २०२२ च्या आवृत्त्यांनी १९९९ चाच अर्थ कायम ठेवला. शब्द जुना राहिला, अर्थ बदलला, आणि वाचणारे आजही पहिलाच अर्थ धरून चालतात.

यातून दुहेरी नुकसान होते. खात्याचा तपशील गोपनीय राहावा म्हणून जो विकसक ‘नो-कॅशे’ लिहितो, त्याचा तपशील लायब्ररी नियमाप्रमाणे फोनवर लिहून ठेवते. एकच फोन घरातले चौघे वापरतात अशा ठिकाणी ही बाब क्षुल्लक नाही. उलट बाजारभावासारख्या सार्वजनिक माहितीवर तोच शब्द लिहिला, तर नेटवर्क नसताना साठवलेली प्रत निरुपयोगी ठरते. ॲपने ‘फक्त साठवणीतून द्या, शिळे असले तरी चालेल’ अशी विनंती केली, तरी उत्तरावर ‘नो-कॅशे’ असल्यास ओके-एचटीटीपी ५०४ हा चूक-क्रमांक परत करते. मानकाच्या दृष्टीने लायब्ररीचे हे वागणे बरोबर आहे, आणि माझ्या मते तिने ते बदलूही नये. शब्द निवडणाऱ्याने तो जाणून निवडावा. भावासाठी ‘मॅक्स-एज’ (उत्तर किती वेळ ताजे मानायचे) या शब्दात काही मिनिटांची मुदत दिली आणि ‘नो-कॅशे’ व ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’ (मुदत संपल्यावर सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नका) हे दोन्ही शब्द टाळले, तर तीच विनंती सकाळचा आकडा बांधावर दाखवते. आकडा कोणत्या वेळेचा आहे हे पडद्यावर लिहिणे ॲपचे काम आहे, आणि ते व्हायलाच हवे, कारण शिळ्या भावावर गाडी जिनिंगकडे निघाली तर भाड्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

याच लायब्ररीचा जुन्या फोनांशी सुसंगततेचा निर्णय त्यामानाने सरळ होता, पण खेड्यात तोच जास्त बोचला. फेब्रुवारी २०१९ मधील ३.१३ आवृत्तीने अँड्रॉइड ५ च्या आधीचे फोन सोडले आणि टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) १.० व १.१ आपोआप वापरणे थांबवले. जुन्या फोनांसाठी ३.१२ ची शाखा ठेवून तिला गंभीर दुरुस्त्या २०२१ अखेरपर्यंत देण्याचे ठरले. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. मार्च २०२१ मध्ये मानकांनीही टीएलएसच्या त्या दोन आवृत्त्या मोडीत काढल्या. मात्र मुलाने वापरून वडिलांना दिलेला अँड्रॉइड ४.४ चा फोन टीएलएस १.२ जाणतो, फक्त ते त्यात मुळात बंद असते. ३.१२ वर बांधलेल्या ॲपमध्ये विकसकाने ते स्वतः चालू करून दिले नाही, तर केवळ नवे टीएलएस स्वीकारणाऱ्या सर्व्हरशी त्या फोनची जोडणी टाकीजवळ पूर्ण नेटवर्क असतानाही होत नाही.