स्ट्रिप पांढरी केली की कंट्रोलर रिसेट का होतो?

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "मखराची स्ट्रिप दोन दिवस मस्त चालली, आरतीला पांढरा लावला आणि सगळं लुकलुकायला लागलं." स्ट्रिप, म्हणजे एलईडी दिव्यांची पट्टी, बहुतेक वेळा ठणठणीत असते. कमी पडलेला असतो तो सप्लाय.

डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारच्या स्ट्रिपच्या एका एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे असतात. प्रत्येकाला साधारण २० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला ६०. मीटरला ६० एलईडीवाली पाच मीटर स्ट्रिप घेतलीत तर ३०० एलईडी झाले: १८ अँपिअर, ५ व्होल्टवर ९० वॉट. इंद्रधनुष्य इफेक्ट मात्र याच्या तिसऱ्या हिश्श्यात, सहा अँपिअरच्या आसपास भागतो. म्हणून १० अँपिअरच्या एसएमपीएसवर (घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा सप्लाय) घरची चाचणी छान पार पडते आणि ऐन आरतीला व्होल्टेज बसतं, की स्ट्रिप चालवणारा कंट्रोलर रिसेट होतो.

दर वेळी मोठा एसएमपीएस घ्यायलाच हवा असं नाही (आम्ही विकतो, तरी सांगतो). कंट्रोलरवर डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर एलईडीच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक ब्राइटनेस लिमिटर चालू करून कमाल करंट भरा. १० अँपिअरच्या सप्लायला ८००० मिलिअँपिअर पुरे, काठोकाठ भरू नका. स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी फास्टएलईडी या कोड लायब्ररीत व्होल्ट आणि मिलिअँपिअर सांगणारी एकच ओळ आहे. त्यानंतर मर्यादा ओलांडली जाणार असेल तेवढ्याच वेळी ब्राइटनेस खाली येतो, रंगीत इफेक्ट पूर्वीसारखेच झळझळीत राहतात. पांढरा निम्म्यावर आला तरी डोळ्यांना तो निम्मा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. सॉफ्टवेअर करंट मोजत नाही, नुसती आकडेमोड करतं. कंट्रोलरच्या एकाच डेटा पिनवरून (रंगांचे संदेश इथून जातात) दोन स्ट्रिप समांतर जोडल्या, तर त्याच्या हिशोबात एकच स्ट्रिप असते आणि खरा करंट दुप्पट जातो. अशा वेळी मर्यादा निम्मी भरा. लिमिटर म्हणजे फ्यूज नव्हे, फ्यूजही लावाच.

टोकाकडचा पांढरा पिवळट-लालसर दिसत असेल तर ती तारेतली व्होल्टेजची घट. दोन्ही टोकांना सप्लाय जोडा.

आणि स्ट्रिप काळी दिसते म्हणजे बंद आहे असं नाही. आतल्या चिप्स दर एलईडीमागे साधारण एक मिलिअँपिअर खातच असतात, ३०० एलईडींचे दीड वॉट. रात्री स्विच बंद करा किंवा रिले (कंट्रोलरने चालू-बंद होणारा स्विच) बसवून घ्या.