पार्श्वभूमी : पुणेकरांचा पोलिसांवरचा राग कुठून आला

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट एसटी आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. तुमची गाडी पलीकडे लागली आहे, असे सांगून आरोपीने तिला त्या अंधाऱ्या बसपाशी नेले होते. स्वारगेट पोलीस ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर. आरोपीवर आधीचे गुन्हे होते आणि तो जामिनावर बाहेर होता. शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या शिवारात तो सापडला तेव्हा तीन दिवस उलटत आले होते. ड्रोन फिरले, श्वानपथक आले, पण खरी मदत झाली ती गावकऱ्यांची. मधल्या काळात गृह राज्यमंत्र्यांनी बसमध्ये झटापट झाली नाही, त्यामुळे आसपासच्यांना कळले नाही, अशा आशयाचे विधान केले आणि आगीत तेल पडले.

त्या आठवड्यात शहरात जो संताप दिसला तो एकट्या स्वारगेटचा नव्हता. पुण्यात पोलिसांविषयीची नाराजी थरावर थर चढत आली आहे आणि तिचे मूळ ‘गुन्हे वाढले’ या तक्रारीत शोधणे पुरेसे नाही. गुन्हा कुठल्याही मोठ्या शहरात होतो, हे पुणेकराला कळते. त्याचा पारा चढतो तो तक्रार घेऊन गेल्यावर टेबलापलीकडून काय ऐकावे लागते यावर.

पुण्याला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले १९६५ मध्ये. तडीपारी, जमावबंदी, मिरवणुकांच्या परवानग्या हे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडचे अधिकार आयुक्तांच्या हाती आले. शहर तेव्हा मुख्यतः पेठांचे. फरासखाना, विश्रामबाग, खडक, समर्थ ही ठाणी आणि त्यांच्या हाताखाली पेठापेठांतल्या चौक्या. चौकीवरचा हवालदार गल्लीतल्या प्रत्येक घराला ओळखायचा, असे जुनी माणसे आजही सांगतात. त्यात थोडे खरे आहे आणि बरेचसे स्मरणरंजन. कारण याच आटोपशीर शहरात १९७६ साली काय झाले, ते त्याच माणसांना चांगले आठवते.

त्या वर्षी जानेवारीत अभिनव कला महाविद्यालयातल्या चौघा विद्यार्थ्यांनी आपल्या एका सहाध्यायाला पळवून त्याचा खून केला. आपण स्वतःहून घर सोडून जात आहोत, अशी चिठ्ठी त्याच्याकडून आधीच लिहून घेतली होती. पोलिसांच्या लेखी तो बेपत्ता राहिला. त्याचा मृतदेह मिळाला तो तपासाच्या अखेरीस, आरोपी हाती लागल्यावर. तोवर त्याच चौघांच्या हातून विजयानगर कॉलनीतले जोशी कुटुंब ऑक्टोबरअखेर संपले होते आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातले पाच जण मारले गेले होते. संध्याकाळ झाली की शहर कड्या लावून घ्यायचे. आणीबाणीचे दिवस असल्याने मोर्चे-निदर्शनांची सोय नव्हती. लोक घाबरले होते आणि चिडलेही होते, पण सगळे दाराच्या आत. मार्च १९७७ मध्ये नदीत आणखी एका तरुणाचा मृतदेह सापडला आणि त्यावरून तपासाला धागा मिळाला. दहा खुनांबद्दल चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुणे पोलिसांच्या इतिहासात हा तपास मानाने सांगितला जातो आणि तो मान खोटा नाही. पण पहिला खून महिनोन्‌महिने बेपत्ता माणसांच्या नोंदीत पडून होता, ही बाजू त्या गौरवात सहसा येत नाही.

त्यानंतर शहर पोलिसांच्या हाताबाहेर वाढले, आणि हे अगदी शब्दशः. हिंजवडीत आयटी पार्क आले, मगरपट्टा आणि खराडी उभे राहिले, द्रुतगती मार्ग झाला. महापालिकेच्या हद्दीत १९९७ मध्ये गावे आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबई महापालिकेलाही मागे टाकले. पिंपरी-चिंचवडचे वेगळे आयुक्तालय व्हायला १५ ऑगस्ट २०१८ उजाडला. आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ या सात नव्या ठाण्यांना २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. बाणेरमध्ये वीस मजली इमारती उभ्या राहून लोक तिथे कर्जाचे हप्ते फेडू लागले, त्यानंतर कित्येक वर्षांनी ठाणे आले.

याच जमिनींच्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या. मुळशी-कोथरूड पट्ट्यात सातबारा विकून आलेला पैसा, त्यावर डोळा ठेवणारे एजंट, ताबा घेणारी पोरे आणि त्या पोरांचे ‘भाई’. ऑक्टोबर २००६ मध्ये पौड फाट्याजवळ संदीप मोहोळचा खून झाला आणि तिथून मारणे आणि मोहोळ या टोळ्यांचे वैर रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गजा मारणे तळोजा कारागृहातून सुटला तेव्हा द्रुतगती मार्गावरून त्याची मिरवणूक निघाली. शेकडो गाड्यांचा ताफा, त्याचे चित्रीकरण, ते समाजमाध्यमांवर. गुन्हे दाखल झाले, पण नंतर. टोलनाका ओलांडून हा ताफा पुण्यापर्यंत आलाच कसा, या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणी दिले नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी शरद मोहोळला सुतारदऱ्यात भरदिवसा गोळ्या घातल्या गेल्या, त्याच्याच सोबत फिरणाऱ्यांकडून.

टोळीयुद्धाच्या बातम्या मोठ्या असल्या, तरी सामान्य माणसाचा पोलिसांशी संबंध येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. पीएमपी बसच्या गर्दीत मोबाइल मारला जातो. माणूस चौकीत जातो. पहिला प्रश्न : नेमके कुठे झाले? मार्केट यार्डाजवळ म्हटले, तर हद्द आमची नाही. हद्द ठरली, की दुसरा प्रश्न : चोरताना पाहिले का? पाहिले नसेल, तर मग ‘गहाळ’ लिहा. ऑनलाइन अर्ज भरा, पावती मिळेल, सिम कार्ड परत मिळवायला तेवढी पुरते. पावती खरेच पुरते. पण चोरी कागदावर होतच नाही. मारहाण झाली असेल, तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. तिची प्रत हातात घ्या आणि कोर्टात जा. फसवणूक असेल, तर तक्रारीचा ‘अर्ज’ होतो, अर्जाची ‘चौकशी’ होते आणि ती चालूच राहते.

यात एकट्या ठाणे अंमलदाराचा आळस आहे, असे समजणे भाबडेपणाचे. दाखल झालेला प्रत्येक गुन्हा त्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाच्या डोक्यावर बसतो. मासिक गुन्हे आढावा बैठकीत आकडा विचारला जातो, उघडकीस किती आले ते विचारले जाते, आणि आकडा कमी ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गुन्हा न नोंदवणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालातच बजावतो, की नोंदींत वाढ होणे आणि गुन्हेगारीत वाढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरोधक मात्र नोंदी वाढल्या की सरकारला धारेवर धरतात, सरकार आयुक्तांना, आयुक्त ठाण्यांना. या साखळीत प्रामाणिकपणे नोंदवून घेणारा अधिकारीच अडचणीत येतो.

सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितले, की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे. त्याआधी २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे सात निर्देश आले होते. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये. पोलिसांविरुद्ध तक्रार करण्यासाठी प्राधिकरण आहे, हे किती पुणेकरांना माहीत असेल, याविषयी मला दाट शंका आहे.

ललिता कुमारीचा निकाल आला त्याच वर्षी, २० ऑगस्टच्या सकाळी, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. शहराच्या मध्यवस्तीत, फिरायला जाणाऱ्यांच्या वर्दळीत. तपास रखडला आणि मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे दिला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. घोषणा मोजक्या, माणसे कधी जास्त, कधी कमी, पण तारीख चुकवायची नाही. पुण्यात पोलिसांविरुद्धचा असंतोष इतक्या शिस्तीत आणि इतका काळ दुसरीकडे कुठे दिसला नाही. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोन मारेकऱ्यांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

त्या निकालानंतर नवव्या दिवशी कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. पण त्याआधीची दीड-दोन वर्षे सांगितल्याशिवाय पोर्शेवरचा राग कळणार नाही.

२०२२ च्या अखेरीपासून ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. ही काही एक टोळी नव्हे. सोळा-सतरा वर्षांची पोरे, हातात ऊसतोडीचा कोयता, रात्री रांगेने उभ्या असलेल्या रिक्षा-दुचाकींच्या काचा फोडायच्या, एखाद्या हॉटेलात घुसायचे आणि सकाळी त्याचे रील टाकायचे. ज्याची रिक्षा फुटली त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडाला, वर काचेचा खर्च. पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड घ्यायला सांगितले. पकडलेल्यांची, त्यांनी जिथे दहशत माजवली त्याच गल्लीतून धिंड काढली जाऊ लागली. ‘मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कारवायांचे शतक’ अशा बातम्या आल्या. धिंडीचे व्हिडिओ लोकांनी आवडीने पाहिले, हेही खरे. कायद्यात धिंड नावाची शिक्षा नाही आणि धिंड काढलेला पोरगा काही महिन्यांत जामिनावर गल्लीत परत दिसतो, हे मात्र त्याच लोकांना नंतर कळले.

२७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणीमागे एक जण कोयता घेऊन धावला. तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी. जवळच पेरूगेट पोलीस चौकी. तिथे त्या वेळी पोलीसच नव्हते. तिघे पोलीस निलंबित झाले. पेठांमध्ये तेव्हा जी चर्चा होती तिचा रोख हल्लेखोरावर कमी आणि रिकाम्या चौकीवर जास्त होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अमली पदार्थ प्रकरणातला आरोपी ललित पाटील ससून रुग्णालयातून, पोलीस पहाऱ्यातून पळाला. कैद्यांच्या वॉर्डात तो कित्येक महिने मुक्कामाला होता. पाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनीच मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडून कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत माग काढला. इच्छा असली तर हे दल काय करू शकते, हे त्यातून दिसले. त्याच महिन्यात नव्या आयुक्तांनी शहरातल्या नामचीन गुंडांना आयुक्तालयात बोलावून त्यांची ओळख परेड घेतली. छायाचित्रे झकास आली.

आणि मग १९ मेची पहाट. पोर्शे चालवणारा अल्पवयीन. काही तासांत बाल न्याय मंडळाकडून जामीन, अटींत ३०० शब्दांचा निबंध. येरवडा ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी नियंत्रण कक्षाला वेळेत कळवले नाही म्हणून दोघे निलंबित. ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक. पुण्यातल्या मध्यमवर्गाला, जो एरवी पोलिसांच्या बाजूने बोलतो, पहिल्यांदा वाटले, की आपली तक्रार कोणत्या टेबलावर कुठे वळते हे पैसेवाल्याला आपल्याआधी ठाऊक असते.

पुढचे दाखले या समजुतीला बळ देत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोथरूडला मारणे टोळीतल्यांनी एका तरुणाला भररस्त्यात मारले. आधी लागलेली कलमे सौम्य होती. तो केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांच्याशी संबंधित निघाला, मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, मग खुनाच्या प्रयत्नाचे कलम आणि मोक्का आला. ज्याच्या मागे मंत्री नाही त्याचे काय, हा प्रश्न विचारायला कोणाला पत्रकार असावे लागले नाही. ऑगस्टमध्ये कोथरूड पोलिसांनी छळ केल्याचा आरोप करणाऱ्या तीन तरुणी गुन्हा नोंदवा म्हणून आयुक्तालयात उत्तररात्रीपर्यंत बसून राहिल्या. गुन्हा दाखल करता येत नाही, असे पत्र पोलिसांनी लेखी दिले. सप्टेंबरमध्ये विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी नाना पेठेत आयुष कोमकर या तरुणाचा गोळ्या घालून खून झाला. वर्षभरापूर्वी त्याच पेठेत झालेल्या वनराज आंदेकर खुनाचा हा बदला असल्याचे पोलिसांनी सांगितले. बदल्याची तयारी चालू असल्याचा सुगावा त्यांना काही दिवस आधीच लागला होता.

पोलिसांची बाजूही ऐकायला हवी. विसर्जनाला तीस तासांहून जास्त बंदोबस्त, दोन्ही पालख्या, मंत्र्यांचे दौरे, निवडणुका. या प्रत्येक वेळी ठाण्यातली माणसे उचलली जातात आणि चौकीला कुलूप लागते. आयुक्त बदलला की प्राधान्य बदलते. एकाच्या काळात मोक्का, दुसऱ्याच्या काळात कोम्बिंग म्हणजे झडतीमोहिमा, तिसऱ्याच्या काळात परेड. बीटवर रोज चालणाऱ्या शिपायाचे छायाचित्र कोणी छापत नाही, म्हणून त्याच्यासाठी माणूसबळ मागायला कोणी भांडतही नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीचा वाद निकालात काढला आहे. कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आधी १४ दिवस प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच कलमात आहे. आणि ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही झाली तरच ती नोंदली जाते. सहीसाठी गाठावे लागते ते पोलीस ठाणेच.