धनुष्याच्या लाकडातील गाठी

धनुष्यासाठी निवडलेल्या दांड्यात फांद्यांच्या बुडामुळे बारीक गाठी असतात. त्या न तोडता, त्यांच्याभोवतीचे तंतू अखंड राखून धनुष्य घडवणे हे या कामातले कसब आहे. कोकणात मिळणाऱ्या मालापैकी धनुष्याला योग्य असे मुख्य दोन : धामणीचे झाड आणि बांबू. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, म्हणून अवजारांचे दांडे आणि कावडीही तिच्या करतात. पालघर, ठाणे आणि रायगडच्या डोंगरपट्ट्यात वारली, कातकरी, ठाकर या समाजांत तीरकामठा पूर्वापार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. आता देशी धनुष्य दिसते ते मुख्यतः स्पर्धांत. तिरंदाजीच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात बांबूचे धनुष्य वापरतात.

खोड जाड होताना फांदीचे बूड त्यात गाडले जाते आणि त्याची गाठ होते. फांदी जिवंत असेल तर तिचे आणि खोडाचे तंतू एकमेकांत मिसळतात. ही जिवंत गाठ. फांदी आधीच वाळून गेली असेल तर खोड तिच्याभोवती वाढते, पण तिला धरत नाही. मध्ये सालीचे काळे कडे राहते आणि लाकूड सुकल्यावर ही मेलेली गाठ सैल होते, कधी निसटूनही पडते. दोन्ही प्रकारांत खोडाचे तंतू गाठीपाशी सरळ जात नाहीत. पऱ्ह्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालते तसे ते बाजूने जाऊन पुढे पुन्हा एकत्र येतात. धनुष्याचे बळ या वळसा घातलेल्या तंतूंत असते. ते कापले गेले, तर गाठ कितीही बारीक असली तरी धनुष्य तिथेच जाते.

धनुष्य ओढले की नेमबाजापासून दूर असलेली बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. ताण आणि दाब दोन्ही पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतात. जाडीच्या मध्यावर जवळपास काहीच नसते. स्वच्छ लाकूड दाबापेक्षा ताण जास्त सोसते, पण गाठीमुळे ताण सोसण्याची ताकद दाबापेक्षा कितीतरी अधिक घटते. म्हणून पाठीवरची गाठ सर्वांत धोक्याची. तिच्याहून वाईट एकच, पात्याच्या, म्हणजे मुठीच्या वरखालच्या वाकणाऱ्या भागाच्या, कडेवर अर्धी कापली गेलेली. तिथे तंतूंची टोके उघडी पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. गाठ पात्याच्या पूर्ण आत ठेवावी किंवा पूर्ण बाहेर काढावी. मधला मार्ग नाही.

निम्मे काम दांड्यावर रेघा मारतानाच होते. मूठ वाकत नाही आणि टोकांकडची वीतभर लांबी फारच थोडी वाकते, त्यामुळे तिथली गाठ निरुपद्रवी असते. सर्वाधिक वाक पात्याच्या मधल्या भागात येतो. आराखडा दांड्यावर पुढे-मागे सरकवून किंवा दांडा फिरवून गाठी या भागातून बाहेर नेता आल्या तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. जाड दांडा करवतीने न कापता पाचर ठोकून चिरावा, कारण चिरताना फूट तंतूंच्या मागाने जाते आणि नस, म्हणजे तंतूंची दिशा, कुठे वळते ते उघड दिसते. पात्याच्या कडाही सरळ पट्टीने न आखता तंतूंच्या वळणाने आखाव्यात. असे धनुष्य थोडे नागमोडी दिसते. घाईत सरळ केलेले मात्र टिकत नाही.

थंड प्रदेशातले कारागीर पाठीवर एकच वार्षिक वलय अखंड ठेवतात. आपल्याकडे सागासारखी काही झाडे सोडली तर वलये ठळक नसतात, त्यामुळे हा नियम धामणीला लावता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे मनगटाएवढा बारीक दांडा घेऊन फक्त साल काढायची आणि सालीखालचा नैसर्गिक पृष्ठभागच पाठ म्हणून ठेवायचा. गाठीपाशी तिथे उंचवटा येतो. तो रंध्याने सपाट करण्याचा मोह टाळावा, कारण वळसा घातलेले तंतू नेमके त्या उंचवट्यात असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठीही तशाच उठावदार राहू द्याव्यात. गुळगुळीत पाठ दिसायला सुंदर असते. उंचवट्यांची पाठ भरवशाची असते.

पोटाकडची गाठ दाबाखाली असते. जिवंत आणि घट्ट असेल तर तिला हात लावू नये. मेलेली, कुजलेली असेल तर पटाशीच्या टोकाने कूज पूर्ण काढून टाकावी. भोक डिंकाने आणि लाकडाच्या भुशाने भरले तर पाणी आत जात नाही, पण पात्याचे गेलेले बळ त्याने परत येत नाही. गेलेल्या लाकडाइतके लाकूड भोकाच्या बाजूंना जास्त राखावे लागते. चाळीस मिलिमीटर रुंद पात्यात सहा मिलिमीटरचे भोक असेल, तर त्या जागी रुंदी शेहेचाळीस करावी. जाडी वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवणे बरे. पात्याचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाने : जाडी दहा टक्के वाढली की ताठरपणा सुमारे तेहेतीस टक्के वाढतो. तो भाग ताठ राहतो आणि सगळा वाक शेजारच्या चार बोटांत गोळा होऊन तिथे पाते मोडते. गाठीमुळे मोडले असे वाटणारे पुष्कळ धनुष्य खरे तर गाठीशेजारी मोडते. म्हणून वाढीव रुंदी दोन्ही बाजूंना हळूहळू कमी करत न्यावी, एकदम सोडू नये.

गाठीजवळ वाकस किंवा तासणी चालवू नये. गाठीच्या अलीकडे नस वर येते आणि पलीकडे खाली जाते, म्हणून एका दिशेने मारलेले हत्यार कुठेतरी उलट्या नसेत शिरते आणि ढलपी उपटते. दोन्ही बाजूंनी गाठीकडे यावे आणि गाठीच्या आधीच थांबावे. उरलेले काम कानशीने आणि फुटक्या काचेच्या धारेने खरवडून करावे. काचेने निघणारा कीस कागदाहून पातळ असतो, त्यामुळे नस उपटली जायला लागली की लगेच हाताला कळते.

पाते वाकवून पाहताना दर वेळी गाठींकडे आधी पाहावे. पाठीवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवला तर उठलेल्या बारीक कुसळात कापूस अडकतो. पोटावर नसेला आडवी, केसासारखी सुरकुती दिसली तर तो भाग जास्त दाबला जातोय. तिथे आणखी न खरवडता आजूबाजूचे ताठ भाग उतरवावेत. पाठीवरच्या शंकास्पद गाठीवर दोरा घट्ट गुंडाळतात. त्याने कुसळ उठायला अटकाव होतो, पण तुटलेल्या तंतूंचे काम दोरा करत नाही.

बांबूच्या गाठी फांदीमुळे नसून पेरांच्या सांध्यामुळे असतात, तरी वागणूक मिळतीजुळती असते. सांध्यापाशी तंतू वळतात आणि आडव्या पडद्यात शिरतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत लावला जाणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा असल्याने या कामाला सोयीचा. बाहेरची चकचकीत त्वचा हीच पाठ, तिला हत्यार लावायचे नाही. सांध्यावरची धार पॉलिश पेपरने जेमतेम मारावी. आतला पडदाही पुरता सपाट करू नये, थोडी कड ठेवावी. दोन्ही पात्यांत सांधे मुठीपासून सारख्या अंतरावर येतील असा तुकडा निवडला तर दोन्ही बाजू सारख्या वाकतात. माड आणि पोफळीला फांद्या नसतात, म्हणून त्यांच्या लाकडात अशा गाठीच नसतात. पोफळीच्या बाहेरच्या कठीण फाकेचे धनुष्य होऊ शकते, पण आतला भुसभुशीत भाग काढल्यावर हाती येणारी पट्टी पातळ असते.

कोकणातली खरी अडचण दमट हवेची आहे. लाकूड ओले असताना वाकवले तर वाक कायमचा बसतो. गाठीत तंतूंची टोके उघडी असल्याने ओल तिथूनच लवकर शिरते आणि तिथूनच लवकर निघते. उन्हात टाकलेला दांडा आधी गाठीपाशी तडकतो तो यामुळेच. दांडा पावसाळा संपल्यावर तोडावा. खाजगी जमिनीतल्या अनेक झाडांनाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती आधी पाहावी. तोडल्यावर दोन्ही टोके आणि गाठींची तोंडे लाख किंवा मेणाने बंद करून दांडा सावलीत, माळ्यावर हळू सुकू द्यावा. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला उत्तम, पण ते कातडी भाजते, म्हणून हात झाकून लावावे. सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, पावसाळ्यात मऊ पडतो. गाठीवरचा दोरा त्याने चिकटवला असेल तर जून ते सप्टेंबर धनुष्य चढवू नये. ते दोरी उतरवून, चुलीपासून थोडे दूर, आडवे ठेवावे.